बिनमण्यांची बाई

प्रिय खारूताई,

शाळेच्या मागच्या जिन्यावर आपण दोघी बसलोय, असेंब्लीची घंटा व्हायचीय, आणि तुझा उजवा पाय माझ्या मांडीवर आहे. तू बूट धुवायला विसरली होतीस. सिस्टर तपासायला येणार, म्हणून फळ्याखालून उचललेला खडूचा तुकडा मी तुझ्या कॅनव्हासच्या बुटावर घासतेय. अंगठ्यापाशी बुटाला भोक होतं, त्यातून निळा मोजा दिसायचा. मी मोज्यालाही खडू लावला. तुला गुदगुल्या झाल्या आणि तू अशी काही हसलीस की वरच्या कठड्यावरून सिस्टर वाकल्या आणि म्हणाल्या, "हसणं पाप नाही मुलींनो, पण घंटेच्या आधी संपवा." बस, एवढंच. त्यात घडलं काहीच नाही. पण हल्ली मला सारखं तेच आठवतं. लग्नं, मरणं, मोठमोठ्या गोष्टी मुकाट बाजूला उभ्या राहतात आणि तो खडू लावलेला मोजा पुढे येतो.

या नावाने हाक मारलेली बघून तू दचकली असशील. चष्मा पुसून पाकीट उलटंपालटं करून पाहिलं असशील. तूच ती खारूताई, डेस्कमध्ये शेंगदाणे साठवणारी. आणि मी तुझी लंबू. एका घरात राहतो, मधे फक्त एक जिना, आणि तरी मी तुला लिहितेय, कारण तोंड उघडलं की माझ्या तोंडून "वहिनी" येतं, आणि वहिनीला हे सांगता येणार नाही. रविवारी तुझा मुलगा माझ्या खोलीत आला होता. पोरगा गुणी आहे. अवघड बोलायचं असलं की बापासारखाच पंख्याकडे बघत बोलतो. "आत्या, एक विचारायचं होतं. आजोबांनी चर्चच्या दफनभूमीत जागा घेतली ती चौघांची. आजोबा, आजी आणि बाबा झाले. चौथी आईसाठी ठेवावी, असं आईच्या मनात आहे. तुझी काही हरकत नाही ना?" त्याचे कान लाल झाले होते. मी म्हटलं, तुझ्या आईला मीच कळवते. तर हे माझं कळवणं. जरा लांबेल. तुझा स्वैपाक आवरला असेल तर बस.

ती जागा घेतली तेव्हाचं मला आठवतं. बाबा कागद घडी करून खिशात ठेवत म्हणाले होते, "दोन आमच्या, एक दादाची. त्याची बायको येईल ती तिच्या मर्जीची, आपण कोण सांगणार! आणि चौथी लंबूची. ती कुठे जातेय घर सोडून?" सगळे हसले. मीही हसले. मी तेव्हा वीस-बावीसची, आणि कुठे कुठे जायचं याची माझ्याकडे भली मोठी यादी होती. बाबांच्या त्या थट्टेतलं एकच वाक्य पुढे खरं झालं, तेही पूर्ण खरं झालं.

तुला घरात मीच आणलं. परीक्षेचा अभ्यास करायला तू आमच्याकडे यायचीस, आणि दादा, ज्याने जन्मात कधी पाण्याचा पेला उचलून ठेवला नव्हता, तो आपल्यासाठी चहा करायला लागला. मला कळायला हवं होतं. सगळ्यांना कळलं, मलाच शेवटी कळलं. तू मला सांगितलंस ते लग्न ठरल्यावर, आणि वर म्हणालीस, "आता आपण कायमच्या एकत्र!" मला आनंद झाला असं मी म्हटलं. लग्नात पाहुण्यांनी माझं कौतुक केलं, केवढी हुशार मुलगी, भावासाठी बायको शोधून आणली. जणू मी तुला बाजारातून निवडून आणली होती. दुसऱ्या दिवशी आईने मला स्वैपाकघरात घेऊन सांगितलं, "आजपासून खारूताई बंद. थोरल्या भावाची बायको आहे, वहिनी म्हणायचं." आणि तुला सांगितलं, मला वन्सं म्हणायचं. आठवतं? तू डोक्यावरून पदर घेऊन, कमरेत वाकून, "वन्सं, दूध उतू जातंय हो!" म्हणालीस, आणि आपण दोघी ओट्याला धरून हसलो, आणि दूध खरंच उतू गेलं. वर्षभर तो आपला विनोद होता. मग तो विनोद कधी संपला आणि नुसता शब्द कधी उरला, ते मला सांगता येणार नाही. तुला येतं का? एक दिवस तू "वन्सं, जेवायला चला" म्हणालीस आणि कुणीच हसलं नाही.

आता माझ्या कामाचं थोडं सांगते, कारण त्याच्याशिवाय पुढचं कळणार नाही. मी जन्मभर हाडं वाचली. नवाश्मयुगातली, म्हणजे माणसं नुकती शेती करायला लागली होती आणि धातू अजून कुणाला ठाऊक नव्हता, त्या काळची. त्यांनी लिहून काही ठेवलं नाही. मग कोण मोठं, कोण लहान, हे आम्ही थडग्यांवरून ठरवतो. जवळ काय पुरलंय, किती पुरलंय, मधे पुरलंय की कडेला. एका वस्तीच्या कडेची ती दफनभूमी आम्ही खणत होतो तेव्हा एका खड्ड्यात दोन बायका निघाल्या. समोरासमोर कुशीवर, गुडघे पोटाशी, कपाळं जवळजवळ टेकलेली. एकीच्या गळ्यात शिंपल्याच्या मण्यांच्या सरीवर सरी. दुसरीच्या अंगावर काही नाही. दोघींच्या पायाशी एक तान्हं. त्या आठवड्यात तू मला डबा द्यायला आली होतीस, मुलगा तुझ्या कडेवर होता. तू खड्ड्याच्या काठावर उभी राहून दोघींची उघडी तोंडं बघितलीस आणि म्हणालीस, "अगंबाई, या नणंद-भावजय! अजून भांडण मिटलेलं नाही बघा." आमचा फोटोवाला इतका हसला की त्याचा कॅमेरा हलला. त्या दिवसापासून आमच्या तंबूत त्यांचं नावच पडलं, नणंद-भावजय. मी मात्र अहवालात लिहिलं, "दोघी बहिणी असाव्यात." दोघींची कपाळं सारखी वाटली, दातांची ठेवण सारखी वाटली. खरं सांगायचं तर मला त्यांचं एकमेकींकडे बघणं बहिणींसारखं वाटलं. संग्रहालयात काचेखाली त्या गेल्या तेव्हा पाटीवर तेच आलं, दोन बहिणी. शाळेची पोरं ती पाटी वाचत वाचत मोठी झाली, तुझा मुलगा त्यांतलाच.

मी निवृत्त झाल्यावर आमच्या पुरातत्त्व विभागात एक तरुण जनुकशास्त्रज्ञ आला. आम्ही त्याला जनुकवाला म्हणतो, भाजीवाला म्हणावं तसं. तोही हसून ओ देतो. तो कानामागच्या हाडातून, जे सगळ्या शरीरात सर्वांत टणक असतं, चिमूटभर भुकटी कोरतो, आणि त्यातून हजारो वर्षांपूर्वीचा डीएनए काढून कोण कुणाचं हे सांगतो. आमच्या त्या दफनभूमीतले सगळे पुरुष एका वंशाचे निघाले. बाप, मुलगा, नातू, पणतू. आणि मोठ्या वयाच्या बायका? सगळ्या बाहेरून आलेल्या. घरच्या लेकी लहानपणी मेल्या तेवढ्याच तिथे आहेत. मोठ्या झाल्या त्या गेल्या, कुठे तरी दुसऱ्यांच्या मातीत. एकच अपवाद. बिनमण्यांची बाई. ती घरचीच लेक होती, शेजारच्या खड्ड्यातल्या पुरुषाची सख्खी बहीण. आणि मणीवाली त्या पुरुषाची बायको. पायाशी पुरलेलं तान्हं त्या दोघांचं. जनुकवाल्याने त्याच्या वंशावळीच्या तक्त्यावरची वर्तुळं आणि चौकोन मला बोटाने दाखवले आणि म्हणाला, "मॅडम, तुमच्या तंबूत जे कुणी थट्टा करत होतं ना, त्यांचं बरोबर निघालं." जिंकलीस तू. तुला हे तेव्हाच सांगायला हवं होतं, तू टाळ्या पिटल्या असत्यास. पण मी घरी आले, जिना चढले आणि खोलीत जाऊन बसले.

नंतर पाटी बदलायची वेळ आली. जनुकवाल्याचा निष्कर्ष सरळ होता. बाहेरून आलेल्या सुनेला मान होता, म्हणून मणी. घरात राहिलेल्या लेकीला दर्जा नव्हता, म्हणून काही नाही. शिवाय तिच्या गुडघ्यांवर आणि मनगटांवर कामाच्या खुणा. तो मला विचारत होता, "मॅडम, तुमची भाषा चांगली. बिनमण्यांच्या बाईला एका शब्दात काय म्हणावं? आश्रित म्हणूया का? घरची मालकीण आणि तिची आश्रित." शब्द त्याच्या तोंडून इतका सहज आला. त्याचा काय दोष, तो त्याच्यासाठी फक्त एक शब्द होता. मला तुझा मुलगा लग्नाला उभा होता तो दिवस आठवला. त्याच्या सासरची माणसं दारात होती, तू ओळखी करून देत होतीस. हे चुलत दीर, ही भाची. माझ्यापाशी आलीस, आणि हसतमुखाने म्हणालीस, "या आमच्या वन्सं. आमच्याकडेच असतात." मी नमस्कार केला. आमच्याकडेच असतात! ज्या घराच्या मधल्या खोलीत मी जन्मले, ज्याच्या उंबऱ्यावर पडून माझा दुधाचा दात तुटला, तिथे मी तुमच्याकडे असते. तू मुद्दाम बोलली नाहीस, हेच जास्त लागलं. मुद्दाम बोललेलं विसरता येतं.

मी जनुकवाल्याशी भांडले. त्याला भिंगाखाली बिनमण्यांच्या बाईचे पुढचे दात दाखवले. वरच्या दोन दातांच्या मधे एक बारीक खाच आहे, घासून घासून गुळगुळीत झालेली. जन्मभर दातांत ओला दोरा धरून ओढला की अशी खाच पडते. त्याच खड्ड्यात तिच्या पाठीमागे गारगोटीच्या बारीक टोच्याचा एक तुकडा मिळाला होता. आम्ही तो मातीबरोबर आलेला म्हणून सोडून दिला होता. तो मण्यांना भोकं पाडायचा टोचा. मी म्हटलं, अरे, मणी हिने केले. भोकं हिने पाडली, ओवले हिने, आणि स्वतःच्या हाताने त्या दुसरीच्या गळ्यात घातले. ही गरीब नव्हती, ही देणारी होती. थडग्यात मिळालेलं दिसतं, दिलेलं दिसत नाही. तो बिचारा ऐकत राहिला. मग म्हणाला, "मॅडम, मणी हिने केले असतील, मान्य. पण कारागिराला मालाची मालकी नसते. आणि दिलं हे मोजणार कशात?" मी म्हटलं, त्या दोघी मैत्रिणी असतील. एक सून व्हायच्या आधीपासूनच्या. तो खळखळून हसला, पण वाईट नाही, मुलगा म्हाताऱ्या आईच्या बोलण्याला हसतो तसा. "मैत्रीण अशी काही श्रेणी नाही आमच्याकडे. सख्खी, सावत्र, चुलत, मामेबहीण सांगा, लगेच शोधून देतो." उद्या माझ्याही कानामागचं हाड कुणी कोरलं तर त्यांना कळेल की मी दादाची सख्खी बहीण. तुझी मी कोण, ते कुठल्याच यंत्रातून निघणार नाही. पाटीवर शेवटी "मालकीण आणि आश्रित" असंच आलं. मी सही केली नाही, तर माझं नाव गाळून छापलं. त्यानेही काही अडलं नाही.

तू म्हणशील, वन्सं एवढ्या तेवढ्यावरून मनाला लावून घेतात. असेल. पण मला एक सांग. तुझं बाळंतपण आणि आईचं अंथरूण एकाच वेळी आलं तेव्हा मला परदेशातून बोलावणं आलं होतं, हे तुला माहीत होतं ना? तू पलंगावर पडल्या पडल्या माझा हात धरलास आणि काही बोलली नाहीस. "जाऊ नकोस" असंही म्हणाली नाहीस. म्हणाली असतीस तर मी थांबले असते आणि मला बरं वाटलं असतं. तू नुसता हात धरलास, आणि मी थांबले, आणि पुढे कधीही कुणालाही असं वाटलं नाही की मी थांबले. सगळ्यांना वाटलं, ती कुठे जातेय.

तुझ्यावर अन्याय करायचा नाही मला. लग्नाच्या पहिल्या वर्षी तू न्हाणीघरात नळ सोडून रडायचीस, हे मला ऐकू यायचं. तूही बाहेरचीच होतीस, तुझं इथे माझ्याशिवाय कुणी नव्हतं. एकदा मी दाराशी जाऊन "खारूताई" म्हटलं, हळूच. नळ बंद झाला. मग आतून तू म्हणालीस, "आले हं वन्सं, झालंच." मला वाटतं, त्या दिवशी तू ठरवलंस की या घरात टिकायचं तर घरचीच व्हायचं, पुरती. आणि घरात एकच बाई घरची असू शकते, हा नियम तू केलेला नाहीस. मण्यांच्या बाईनेही केला नसेल. पण गळ्यात मणी पडल्यावर मान ताठ करावी लागते, नाहीतर ते टोचतात.

दादाच्या पहिल्या स्मृतिदिनाला तुम्ही सगळे गाडीने गेलात, मी मागून चालत गेले, तुला आठवत असेल. त्याच्या आधीच्या आठवड्यात मी एकटीच तिथे जाऊन आले होते. दगड घडवणारा कारागीर पाटीला पॉलिश करत होता. मी जवळ गेले तर म्हणाला, "बाई, ओलं आहे, हात लावू नका. तुम्ही घरच्या का?" मी म्हटलं, हो. "मग बघून घ्या, अक्षरं ठीक आहेत ना." अक्षरं फार सुरेख होती. बाबा, आई, दादा. आणि दादाच्या खाली तू, तुझ्या पूर्ण नावाने, जन्मसालासकट, पुढे एक आडवी रेघ आणि मोकळी जागा. दगड आधी, विचारणं मग. रविवारी तुझा मुलगा पंख्याकडे बघत विचारत होता तेव्हा ती अक्षरं खोदून महिना झाला होता. मी त्याला सांगितलं नाही, त्याला बहुतेक माहीतही नसेल. तुला मात्र होतं. तू मला स्वतः येऊन विचारलं असतंस ना, अगं, जिना चढून, दारात उभं राहून, "लंबू, मला त्यांच्याशेजारी निजायचंय" असं एकदा म्हटलं असतंस, तर मी तुला काय नाही म्हणणार होते? मी तुला कधी कशाला नाही म्हटलंय?

आता मुद्द्याचं. येत्या सोमवारी माझं पोट उघडणार आहेत. तुम्हाला मी सांगितलं की परिषदेला चाललेय, ते खोटं. डॉक्टरीणबाई फार गोड बोलतात, आणि आजाऱ्याशी इतकं गोड कधी बोलतात हे मला आईच्या वेळेपासून ठाऊक आहे. म्हणून आत्ताच लिहिते. चौथी जागा तुझी. माझी हरकत नाही. पण ती तू घेतलेली नाहीस, मी तुला दिलीय, एवढं तुला माहीत असावं म्हणून हे पत्र. तो दगड वाचणाऱ्याला ते कधी कळणार नाही, तुला तरी कळू दे. मी कुठे जाणार याची काळजी नको. देह वैद्यकीय कॉलेजला, आणि त्यांचं शिकवून झालं की हाडं आमच्या विभागाला, सह्या झाल्यात. मुलांना शिकायला एखादी म्हातारी लागतेच, आणि हाडांच्या खणावर काय लिहायचं ते मी स्वतः लिहून दिलंय, त्यात आश्रित नाही. राहिलं सामान. भिंग आणि त्याचा दिवा जनुकवाल्याला द्यावा, दात बघायची सवय लागली तर लागली. पुस्तकं विभागाला, शरीररचनेचे जाड ग्रंथ खालच्या फळीवर आहेत, ते उचलताना कुणी कंबर मोडून घेऊ नये. लोकरीचा कोट विभागात झाडलोट करणाऱ्या बाईंना, त्यांना बाह्या बरोबर होतात, मी घालून बघितलाय. दादाने माझ्या पहिल्या नोकरीला दिलेलं घड्याळ तुझ्या मुलाला. पट्टा बदलावा, घड्याळ नको. आईचं शिवणयंत्र सुनेला, ती आवडीने शिवते आणि मागायला लाजते. माझी खोली नातीला. ती पोर स्वैपाकघरातल्या टेबलावर भाज्यांच्या सालींत अभ्यास करते, ते मला बघवत नाही. तिला खोली द्या, दाराला आतून कडी बसवून द्या, आणि तिला कुणी "कुठे जातेय ही" असं हसून विचारू नये. तुला मी काही ठेवलेलं नाही. तुला द्यायचं होतं ते सगळं देऊन झालं.

तुझीच,
दादाच्याही आधीपासूनची,
लंबू